चार सेकंदांचं शटर

बटणमावशी घोड्याला देतात ते इंजेक्शन घेते, अशी बातमी आमच्या रस्त्यावर चांगली पंधरा दिवस फिरत होती. पुरावा भक्कम होता. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यानं तिला दवाखान्यातून दंड चोळत बाहेर पडताना 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलं होतं. हा गृहस्थ चष्मा नसला तर शेजारच्या दुकानात शिरून "एवढा पसारा कुणी केला?" म्हणून ओरडतो, पण ते असो. दोन दिवसांत घोड्याच्या जागी बैल आला, आठवड्याभरात एका इंजेक्शनाचा कोर्स झाला, आणि मग ज्याला त्याला आठवायला लागलं की मावशीचा आवाजही हल्ली घोगरा झालाय, नाही का?

तर खुलासा. इंजेक्शन धनुर्वाताचं होतं. शटरच्या गंजक्या पत्र्यानं तिचा तळहात कापला होता. आवाज म्हणाल तर तो गेली तीस वर्षं घोगराच आहे. अस्मादिक तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, आणि तोच आवाज काढून वर्गात टाळ्या घेणारी, त्यामुळे या विषयात शब्द आमचा शेवटचा. घोडा, बैल यांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. गाढवं मात्र आहेत. ती येतील एकेक.

मावशी सत्तावन्न वर्षांची. वजन, ओल्या कपड्यांसकट, पन्नास किलो. नऊ फूट रुंदीचं तिचं दुकान आहे आणि त्यात बटणं, चेन, हूक, दोरे, लेस, इलॅस्टिक असलं सगळं मिळतं. भिंतभर पुठ्ठ्याचे लहान लहान खण, आणि प्रत्येक खणावर बाहेरून एकेक बटण दोऱ्यानं टाचलेलं, म्हणजे आत काय आहे ते उघडून बघायला नको. गिऱ्हाइकाला ती "या, बसा" म्हणत नाही. "दोन भोकांचं की चार?" म्हणते. शिंपी लोक सकाळी नवाच्या आत येतात, कारण एक बटण कमी पडलं की त्यांचा अख्खा शर्ट अडकतो.

आता या दुकानाचं शटर. त्याची स्प्रिंग दमून कित्येक वर्षं झालीत. ती बदलायची तर वरचा ड्रम काढावा लागतो, ड्रम काढायचा तर वरची भिंत फोडावी लागते, आणि ती भिंत वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघराची. ते लोक म्हणाले, "आम्ही आंघोळ काय रस्त्यावर करायची?" मुद्दा बरोबर होता. त्यामुळे शटर तसंच राहिलं, आणि रोज सकाळी समोरचा किल्लीवाला येऊन ते वर ढकलून द्यायचा. गेल्या वर्षी किल्लीवाला म्हातारा झाला, दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. मग हे काम मावशीच्या पुतण्यानं अंगावर घेतलं.

पुतण्याला सगळे प्रॅक्टिकल म्हणतात, कारण तो दर वाक्याला तो शब्द वापरतो. करत मात्र काही नाही. शटर उघडायला हा साडेअकराला उगवायचा, डोळे चोळत, एका हातात मोबाईल. तोवर मावशी स्वतःच्याच दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "अहो, जरा हात लावता का?" कधी कुणी लावायचं, कधी नाही. शिंपी दुसरीकडून बटणं आणायला लागले. आणि मग एका रविवारी थोरल्या दिरांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले, मावशीच्या 'भल्यासाठी'. दुकान कागदावर दिरांच्या नावे होतं. काका गेल्यावर तो कागद बदलायचं सगळ्यांच्या मनात होतं, हातात कुणाच्याच नव्हतं.

दीर म्हणजे प्रॅक्टिकलचे वडील. ते एक वाक्य बोलायला तीनदा घसा खाकरतात आणि तरी वाक्य येत नाही. "म्हणजे बघा वहिनी... हं... म्हणजे कसंय, आता वय म्हटलं की... हं."

"काकू, प्रॅक्टिकली विचार करा," पुतण्या म्हणाला. त्यानं चक्क एक फाईल आणली होती. "बटणं आता कोण लावतं? लोक शर्टच फेकून देतात. इथे मोबाईलची कव्हरं ठेवली की बघा. काचेचा काउंटर, वर लाइट, मोटरचं शटर, रिमोटनं उघडणारं."

"म्हणजे तुलाही हे उचलत नाही," मावशी म्हणाली.

"उचलतं हो! पण टायमिंगचा इश्यू..."

"हो, साडेअकराला उचलतं. भावजी, शटर मी उघडीन. माझं मी."

यावर प्रॅक्टिकल इतका हसला की त्याची फाईल खाली पडली. दिरांना मात्र हे बरं वाटलं. हसून सुटतंय तर निर्णय घ्यायला नको. घसा साफ करून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण अट घातली. तीन महिन्यांची मुदत, तोवर शटर पुतण्याच उघडणार. ती संपली की सलग सात कामाच्या दिवशी, सकाळी नवाच्या आत, कुणाचा हात न लागता शटर वर गेलं पाहिजे. स्प्रिंगला, शटर ज्यातून सरकतं त्या बाजूच्या पट्टीला, कशालाही हात लावायचा नाही. जमलं तर दुकान मावशीच्या नावावर, सही दिरांची. नाही जमलं तर किल्ली पुतण्याला, आणि मग कुरकुर नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत गेली. पूर्वी ते गॅरेज होतं, आता तीन आरसे लावून त्याचं फिटनेस सेंटर झालंय. तिथल्या कोचकडे पाहिलं की वाटतं, याला वरून हवा भरली आणि पायांपर्यंत पोचायच्या आत पंप बंद पडला. तो प्रत्येक वाक्याला "ओके?" म्हणतो आणि समोरच्याशी बोलताना आरशातल्या स्वतःकडे बघतो.

"मॅडम, या वयात फक्त कार्डिओ. ओके? चाळीस मिनिटं सायकल. बर्न फील करायचा, बर्न! ओके?"

"जळायला मी काय इस्त्री आहे?" मावशी म्हणाली, पण बसली सायकलवर. तीन आठवडे मारली. दम लागेनासा झाला, जिना गाणं गुणगुणत चढायला लागली. शटर तिनं एकदा ओढून पाहिलं. ते हललंसुद्धा नाही.

बारा आठवड्यांतले तीन असे सायकलनं खाल्ले. उरलेले वाचवले एका गिऱ्हाइकानं. सरकारी दवाखान्यात एक फिजिओताई आहे. पेशंटच्या पायाला बांधायला रुंद इलॅस्टिक लागतं, ते ती मावशीकडून नेते. ती मापाचं इलॅस्टिक घेता घेता म्हणाली, "शटर उचलायला किती वेळ लागतो?"

"उचललं गेलं तर चार सेकंद."

"मग चाळीस मिनिटं सायकल कशाला मारताय?"

हा प्रश्न आमच्या रस्त्यावर एकालाही पडला नव्हता. अस्मादिकांनाही नाही, हे नमूद करायला हरकत नाही.

फिजिओताईनं आधी मावशीचा रक्तदाब पाहिला, गुडघे वाकवून पाहिले, आणि मग काउंटरवर टेकून शाळा घेतली. "असं समजा मावशी, तुमच्या मांडीत शंभर कारकून आहेत. तुम्ही 'उचला' म्हणून निरोप धाडता तेव्हा कामावर येतात चाळीस. बाकीचे तुमच्या वयाचं कारण सांगून झोपलेले. आपल्याला नवी भरती करायची नाहीये. आहेत त्यांना उठवायचंय. पहिले सहा-आठ आठवडे जोर वाढतो तो यानंच, नसा निरोप नीट पोचवायला शिकतात म्हणून. स्नायू नंतर फुगतो, सावकाश."

"आणि हे झोपलेले उठतात कशानं?"

"जड कामानं. सायकल मारायला बारीक, कष्टाळू कारकून येतात, तेच ते, दिवसभर. दांडगे असतात ते हलक्या कामाकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना वाटलं पाहिजे की घर पडायला आलंय. मग येतात, पण दहा सेकंदांपुरते. श्वास पोचायच्या आत त्यांचं काम उरकतं, म्हणून याला ॲनेरोबिक म्हणतात. तेवढ्यात त्यांची टाकी रिकामी होते. ती परत भरायला तीन मिनिटं लागतात."

"त्या तीन मिनिटांत मी काय करायचं?"

"बसायचं."

"बसायचं?"

"मुकाट बसायचं. आणि अजून एक. तुम्ही उचलायला गेलात की विरुद्ध बाजूचे स्नायू घाबरून उलटे ओढतात, ब्रेक दाबून गाडी ढकलावी तसं. सरावानं तेही सोडायला शिकतात."

"म्हणजे घरच्यांसारखे," मावशी म्हणाली. "फक्त हे शिकतात."

दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातून तीनदा मावशी दुकानातलं तिपाई स्टूल काखेत मारून व्यायामशाळेत हजर. जमिनीवरचा लोखंडी दांडा मांड्यांच्या जोरावर चारदा उचलायचा, ठेवायचा, आणि स्टुलावर बसायचं, मनगटावरचं घड्याळ बघत. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. पुन्हा चारदा. पुन्हा बसायचं. कोचचा जीव खालीवर व्हायचा.

"मॅडम, हार्ट रेट पडतोय! ओके? बसायचं नाही! घाम कुठाय?"

"घाम तुझा चाललाय की. पुरेल दोघांना."

व्यायामशाळेतल्या पोरांनी तिला 'बसणारी आजी' म्हणायला सुरुवात केली. ही पोरं दोन तास वजनं हलवतात, त्यातला दीड तास आरशाकडे बघण्यात जातो, पण तो आराम धरायचा नसतो. अस्मादिकांनीही घरी स्टुलावर बसून घड्याळ बघणाऱ्या मावशीची नक्कल करून आईला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसवलं. असो.

आता या व्यायामशाळेची एक रीत सांगायला हवी. दर सोमवारी कोच टेप घेऊन सगळ्यांचे दंड मोजतो आणि आकडे खडूनं भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो. व्यायाम म्हणजे दंड, दंड म्हणजे टेप, इथे धर्मग्रंथ संपला. दांडा हातात घेतल्यावरच्या पहिल्या सोमवारी मावशीच्या नावापुढे साडेनऊ इंच लागले. चौथ्या सोमवारी साडेनऊ. सहाव्या सोमवारी साडेनऊ.

"तुझा टेप ताणलाय," मावशीनं सांगून पाहिलं. "दोन सूत खोटा दाखवतोय. दुकानात ये, नवीन देते."

पण याच सहा आठवड्यांत दांड्याचं वजन वीस किलोवरून पंचेचाळीसवर गेलं होतं. हे कोचला दिसत होतं, त्याच्या डोळ्यांपुढे घडत होतं, आणि फळ्यावर मात्र साडेनऊ. त्यानं विचार केला. (हे दुर्मिळ दृश्य ज्यांनी पाहिलं ते सांगतात की त्याची मानसुद्धा लाल झाली होती.) मग त्यानं दांड्याच्या वजनाच्या चकत्या काढल्या, पाठीवर टाकून भंगारवाल्याकडे नेल्या आणि काट्यावर तोलून आणल्या. एक सत्तावन्न वर्षांची बाई पंचेचाळीस किलो उचलते, आणि हा संशय कुणाचा घेतो? लोखंडाचा! चकत्या बरोबर भरल्या. तेव्हा त्यानं निष्कर्ष काढला की भंगारवाल्याचा काटा खोटा असणार. टेपवर त्यानं शेवटपर्यंत आळ येऊ दिला नाही.

हा साडेनऊचा आकडा दर सोमवारी प्रॅक्टिकलला कोचकडून फोनवर कळायचा. "पप्पा, एक सूत वाढ नाही," तो दिरांना सांगायचा. "सायंटिफिकली सिद्ध झालं. काकूंचं काही होत नाही." आणि त्यानं काचेच्या काउंटरची ऑर्डर देऊन टाकली. दुकानावर लावायची पाटीसुद्धा रंगवून आली, निळी, विजेच्या चमकत्या अक्षरांची, आणि दिरांच्या घरी चपलांच्या मांडणीला टेकून उभी राहिली. मावशीला ती दिसेल अशीच ठेवली होती. मावशीनं पाहिली, चपला घातल्या आणि निघाली.

दहाव्या आठवड्यातल्या रविवारी, दुपारी रस्ता सुना असताना, मावशी शटरपाशी गेली. आता पंचेचाळीस किलो म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ होता. तिनं कडी धरली, मांड्या वाकवल्या, ओढलं. शटर कुरकुरत गुडघ्यापर्यंत आलं, डावीकडे तिरकं झालं आणि पट्टीत अडकलं. तिनं धक्का दिला. ते सुटलं, पण खालच्या दिशेनं, आणि जाता जाता तळहात कापून गेलं.

ती पायरीवर बसली. रुमाल हाताभोवती गुंडाळला. दोन आठवडे राहिले होते. आतापर्यंत तिनं या गोष्टीचा उलट बाजूनं विचारच केला नव्हता, तो आता आला. कव्हरं विकायला तरी ठेवतील का आपल्याला? आणि ठेवलं तर त्या रिमोटचं बटण दाबायचं काम कुणाचं? खणांवरची बटणं कोण सोडवेल? एकेक टाका तिनंच घातला होता. कुणी येताना दिसलं तेव्हा ती उठली आणि इंजेक्शन घ्यायला गेली. पुढचं लाँड्रीवाल्यानं पाहिलंच.

फिजिओताईनं हाताला बांधलेली पट्टी बघितली आणि म्हणाली, "तुम्ही दांडा शिकलात, शटर नाही. नसांचं डोकं फार बारकं असतं. जे शिकवाल तेच येतं, शेजारचं येत नाही."

मग शटरची शिकवणी सुरू झाली. शटरच्या दोन्ही टोकांखाली सहा-सहा विटा. दुपारी शटर खाली ओढलं की ते विटांवर येऊन थांबायचं, गुडघ्याच्या वर, आणि मावशी तिथून ते वर ढकलायची. अवघड भाग खालचा, तो शेवटी. ढकलायचं, स्टुलावर बसायचं, परत खाली ओढायचं. दर दोन दिवसांनी एकेक वीट कमी. कडी सोडून तिनं हात दोन्हीकडे फाकवून धरायला सुरुवात केली, तसं शटर तिरकं व्हायचं थांबलं. शिंपी उभे राहून बघायचे, त्यांना बरोबर कळायचं. एक जण म्हणाला, "मावशी, आज डावीकडे झोल कमी आहे." शेवटची वीट परीक्षेच्या दोन दिवस आधी निघाली.

मग परीक्षेच्या त्या सात सकाळी आल्या. पहिल्या दिवशी पंधरा माणसं. दीर घडीची खुर्ची घेऊन आले आणि मध्यभागी बसले, जणू विमान उडणार आहे. मावशीनं कुलूप काढलं, वाकली, आणि शटर खडखडत वर गेलं. चार सेकंद. हसायची तयारी करून आलेली माणसं मग लाँड्रीवाल्याला आपले कपडे झाले का ते विचारायला लागली.

"एक दिवस काय, कुणालाही जमतं," प्रॅक्टिकल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जमलं. तिसऱ्या दिवशी गर्दी ओसरली. चौथ्या दिवशी खुर्चीवर दीर एकटेच, पेपर वाचत. पाचव्या दिवशी प्रॅक्टिकल पहिल्यांदा वेळेवर उठून आला आणि ओरडला, "ग्रीस! पट्टीला ग्रीस लावलंय! चीटिंग!" त्यानं बोट पट्टीत घालून फिरवलं, बाहेर काढलं, बापाच्या नाकाखाली धरलं.

दिरांनी वास घेतला. "हं... म्हणजे बघ... हा गंज आहे."

"गंजात ग्रीस मिसळलंय, पप्पा."

"हं. मग घरी जाऊन हात धू. दोन्ही निघतील."

सहावा दिवस पार पडला. सातव्या दिवशी सगळे परत आले, कोचसकट. नवाला सात मिनिटं होती. मावशी वाकली, ओढलं, शटर गुडघ्यापर्यंत आलं आणि तिचा पाय पायरीवरच्या खडीवरून सरकला. शटर धाडकन खाली.

"झालं!" प्रॅक्टिकलनं टाळी वाजवली. "काकू, मनाला लावून घेऊ नका. प्रॅक्टिकली सहा दिवस म्हणजे खूप झालं." आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

मावशीनं किल्ली मुठीत धरली. पायानं खडी बाजूला केली. मग स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"वहिनी?" दीर म्हणाले. "म्हणजे आता..."

"नऊ वाजायला सहा मिनिटं आहेत भावजी. नवाच्या आत म्हणाला होतात, एका दमात म्हणाला नव्हतात. त्यातली तीन मिनिटं माझी."

"बसल्या! परत बसल्या!" कोच डोक्याला हात लावून म्हणाला. "मॅडम, आता बॉडी थंड पडणार, ओके?"

मावशी घड्याळ बघत राहिली. पहिलं मिनिट प्रॅक्टिकल हसत होता. दुसऱ्या मिनिटाला एकटाच हसत होता. तिसऱ्या मिनिटाला त्याला कुणीतरी "गप रे" म्हणालं, आणि ते त्याचे वडील होते. मावशी उठली, हात फाकवले, वाकली, आणि शटर वर गेलं. पार वर, ड्रमला आपटून आवाज येईपर्यंत. आत शिरून ती काउंटरच्या मागे उभी राहिली आणि पुढच्या शिंप्याला म्हणाली, "दोन भोकांचं की चार?"

सही संध्याकाळी झाली. दिरांनी पेन तीनदा झटकलं, पण केली.

त्यानंतर अस्मादिकांनी जो मूर्खपणा केला तो लपवण्यात अर्थ नाही, कारण मावशी तो सगळ्यांना सांगतेच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसून आम्ही म्हटलं, "त्यात काय एवढं? शटर मुळात हलकंच असणार. मीपण उचलीन."

अस्मादिकांचं वय सोळा. दंड मावशीच्या सव्वापट. हिशोब सरळ होता.

"लाव पैज," मावशी म्हणाली. "उचललंस तर शाळेच्या स्टेजवर माझी नक्कल कर, माझा चष्मा घालून. नाही उचललंस तर हे पोतं." पोत्यात एका बंद पडलेल्या कारखान्यातली बटणं होती, सगळी एकत्र. "तीन रविवार निवडायची. आणि निवडताना तोंड बंद. कुणाचाही आवाज काढायचा नाही."

शटर घोट्यापर्यंत आलं. डोळ्यांपुढे काजवे आले, तेही जरा वरच आले. मावशीनं आपणहून स्टूल सरकवलं, तीन मिनिटं बसवलं, परत उठवलं. शटर परत घोट्यापर्यंत आलं.

आज पहिला रविवार. पोत्यात पांढरी, पांढरट आणि मळकट पांढरी अशी बटणं आहेत, आणि मावशीच्या मते हे तीन वेगळे रंग आहेत. मघाशी कोच आला होता, नवीन टेप घ्यायला. टेप छातीभोवती गुंडाळून, काउंटरवरच्या बरणीच्या काचेत स्वतःला बघत तो तब्बल अकरा वेळा "ओके?" म्हणाला, आणि अस्मादिक बटणांत मान घालून गप्प बसले.